पीएचडीची मुदत आणि ४० टक्क्यांची रेघ

पीएचडीला नाव नोंदवताना विषय, गाईड, फेलोशिप हे सगळं तुम्ही बघताच. दीर्घकाळाचा आजार सोबत असेल, तर यूजीसीचे २०२२चे पीएचडीचे नियमही आधीच वाचून ठेवा.

मुदत जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. त्यावर स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना अजून दोन वर्षं देता येतात. ऐकायला उदार वाटतं, पण तीन गोष्टी खटकतात.

पहिली, रेघ. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आरक्षणासाठी ‘किमान ४० टक्के’ म्हणतो, यूजीसी मात्र ‘४० टक्क्यांहून जास्त’. म्हणजे प्रमाणपत्रावर बरोबर ४० असतील, तर राखीव जागेला तुम्ही पात्र. पण नियम शब्दशः लावला तर वाढीव मुदतीला नाही!

दुसरी, यादी. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात आहेत, ल्युपसचं नाव नाही. ल्युपसच्या थकव्याने कुणाला आठवडाभर लॅबमध्ये उभं राहता आलं नाही, तर ते टक्क्यांत कसं मांडायचं?

तिसरी मला सगळ्यात मोठी वाटते. टक्केवारी ‘किती’ सांगते, ‘केव्हा’ सांगत नाही. सिकलसेल असलेला विद्यार्थी महिनाभर व्यवस्थित काम करतो, मग वेदनांचा झटका येतो आणि वाढवलेल्या पेशी वाया जातात. त्याला मदत त्याच आठवड्यात हवी असते. नियम वर्षं देतो ती शेवटी. जेआरएफ आणि एसआरएफ मिळून पाच वर्षांत संपतात, त्यामुळे या फेलोशिपवर असाल तर ती वाढीव वर्षं बिनपैशाची.

आरक्षणाच्या जागा मोजक्या असतात, तिथे कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. पण संशोधन सल्लागार समितीपुढचं सादरीकरण दोन आठवडे पुढे गेलं, तर कुणाची जागा जात नाही. मग तिथेही ४० टक्के कशाला?

कायदाही तसं म्हणत नाही. कलम १६ प्रमाणे शिक्षणसंस्थेने व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्यायच्या आहेत. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत. दिव्यांगत्व ४० टक्के नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

तेव्हा ‘टक्के बसत नाहीत’ एवढं ऐकून ऑफिसातून परत येऊ नका. गाईड आणि विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. अर्जात आजाराची कहाणी थोडक्यात ठेवा, काम सविस्तर लिहा: झटका आला तर नमुने कोण सांभाळेल, सादरीकरण ऑनलाइन होईल का, कोणती तारीख हलवावी लागेल. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आणि हे सगळं तब्येत बरी असतानाच करून ठेवा, कारण झटक्याच्या आठवड्यात अर्ज लिहायचं त्राण उरत नाही.