मागचा पत्रा : पाण्याने थंड होणाऱ्या संगणकाची समीक्षा

विदर्भात पाण्याने थंड करणारे यंत्र म्हटले की डोळ्यांपुढे कूलर उभा राहतो. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा वूडवूलच्या टट्ट्या, तळाशी पाणी, एक छोटा पंप आणि समोर घरघरणारा पंखा. गोंदियात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा घराघरांत हेच यंत्र माणसे तगवते. त्यामुळे ‘वॉटर कूल्ड’ संगणक हे शब्द इथे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, की संगणकालाही कोणी कूलर बसवला असावा. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे नीट सांगितले तर या लेखाचा अर्धा विषय सांगून होतो.

स्वतःच्या हाताने संगणक जोडणाऱ्या तरुणांत गेल्या काही वर्षांत एक वस्तुप्रकार रुजला आहे. ‘वस्तुप्रकार’ हा शब्द मी ‘वाङ्मयप्रकार’च्या धर्तीवर मुद्दाम वापरतो, कारण याचेही संकेत ठरलेले आहेत. एका बाजूला काच असलेले कॅबिनेट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर बसवलेले तांब्याचे वॉटरब्लॉक. त्यांना जोडणाऱ्या, काटकोनात वाकवलेल्या पारदर्शक नळ्या. एक पंप, एक उभी टाकी, एक किंवा दोन रेडिएटर. आणि वेणी घातल्यासारख्या सरळ, समांतर केबल. हे सारे काचेतून दिसावे म्हणूनच केलेले असते. जी वस्तू पाहिली जावी म्हणून घडवली जाते, तिच्या वाट्याला समीक्षा यायला हवी. आपल्याकडे ती येत नाही. कवितेतल्या प्रतिमेवर वीस पाने लिहिणारे आपण हातांनी घडवलेल्या यंत्रापुढे आलो की ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकतो.

ज्या संगणकाचे मी बारकाईने निरीक्षण केले, तो गोंदिया शहरातल्या एका तरुणाने जोडलेला आहे. त्याचे नाव इथे देण्याचे कारण नाही. माझे विधान त्या वस्तूविषयी आहे.

आधी उष्णतेचे पाहू. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफ होताना पाणी हवेतली उष्णता घेते, म्हणून कूलरची हवा खोलीपेक्षा थंड लागते. माठाचे तत्त्वही हेच. संगणकातले पाणी मात्र बंदिस्त असते. ते चिपजवळची उष्णता उचलते, रेडिएटरपर्यंत नेते आणि तिथे पंखे ती हवेत फेकतात. पाणी इथे निव्वळ हमाल आहे. माल शेवटी उतरतो हवेतच. म्हणून असा संगणक कितीही महाग असला तरी त्यातले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. चांगल्या जोडणीत ते खोलीपेक्षा साधारण दहा अंशांनी गरम राहते. पुण्यात खोली तीस अंशांवर असेल तर पाणी चाळीसवर. गोंदियात पंखा लावून बसलेल्या खोलीत ४४ अंश असतील तर पाणी ५४ वर. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पंपांची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. पीईटीजी प्लास्टिकची नळी ऐंशीच्या सुमारास मऊ पडू लागते, पण सांध्यांचा भरवसा त्याच्या बराच आधी संपतो. म्हणजे जी वस्तू थंड प्रदेशात केवळ हौस आहे, ती इथे काठावर चालणारी रचना होते. त्या तरुणाने पीईटीजीऐवजी अ‍ॅक्रिलिकची नळी घेतली आहे. वाकवायला ती कठीण आणि चटकन तडकणारी, पण उष्णता जास्त सोसणारी. काचेतून पाहणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. माझ्या लेखी या कामातला पहिला गुण हाच.

याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. ६६० मेगावॉटचे पाच संच, वैनगंगेचे पाणी. तिथेही पाणी उष्णता वाहून नेते. पण त्यातले काही शीतनमनोऱ्यांतून वाफ होऊन आकाशात जाते, आणि म्हणून नदीकडे पुन्हा पुन्हा हात पसरावा लागतो. संगणकातले लिटर-दीड लिटर पाणी वर्षभर तेच राहते. एक कूलरचा मोठा भाऊ, दुसरा त्यांचा लांबचा नातलग.

संगणकाला पाणी लावणे नवे नाही. १९६०च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत पाण्याच्या नळ्या होत्या. सीमोर क्रे यांच्या क्रे-२ मध्ये, १९८५ साली, सर्किट बोर्ड फ्लोरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात अक्षरशः बुडवलेले होते, आणि तो द्रव पारदर्शक टाकीत धबधब्यासारखा पडताना पाहुण्यांना दिसे. काचेतून दाखवण्याची हौस तेव्हापासूनची. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात द्रव थेट चिपवरच्या पट्टीपर्यंत नेला आहे. ‘परम’ मालिकेतला पहिला, १९९१ चा परम ८०००, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने पुण्यात घडवला. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. वऱ्हाडातला माणूस उष्णतेच्या प्रश्नावर काम करतो यात मला थोडी गंमत वाटते, एवढेच.

आता एक प्रश्न, ज्यावर हे जोडणारे तासन्‌तास वाद घालतात : पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक्स कार्डाकडे? जो दुसरा येईल त्याला आधीच तापलेले पाणी मिळणार, हे वरवर खरे दिसते. हिशेब करून पाहावा. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि दोन्ही चिप मिळून ५०० वॉट उष्णता टाकत असतील, तर अख्ख्या फेरीत पाण्याचे तापमान वाढते अवघे १.८ अंश. पाणी इतके वेगाने फिरते की सगळीकडे जवळपास सारखेच असते. म्हणून क्रम उष्णतेने ठरवायचा नसतो. ज्या क्रमाने नळी आखूड आणि वळणे कमी, तो क्रम बरोबर. तरुणाने नेमके असेच केले आहे. विचारल्यावर म्हणाला, “सर, जिकडून वाट जवळ, तिकडून पाणी.”

केबलकडे वळतो. हा या वस्तुप्रकाराचा सर्वांत मिरवलेला आणि सर्वांत कमी समजलेला भाग आहे. केबल नीट लावल्या की संगणक थंड राहतो, असे सांगितले जाते. एके काळी ते खरे होते. हार्ड डिस्कला जाणाऱ्या रुंद, पट्टीसारख्या रिबन केबल हवेची वाट अडवत. साटा आल्यावर त्या गेल्या आणि या युक्तिवादातला जीवही गेला. आज गोंदियात हवेची वाट अडवते ती धूळ. शहरात आणि आसपास राइस मिल, त्यांतून उडणारा तुसाचा बारीक कण. तो रेडिएटरच्या पापुद्र्यांत जाऊन बसतो. इथे दाट पापुद्र्यांचा रेडिएटर घेणे म्हणजे गाळणी विकत घेणे. केबल कितीही देखण्या असोत, महिन्याला एकदा फुंकणी मारली नाही तर व्यर्थ.

मग नीट केबलची गरज काय? इथे आठवतो तो क्रे-१, १९७६ चा. इंग्रजी सी अक्षरासारखा उभा, बाहेरून बसायला गादीचे बाक. तो आकार शोभेसाठी नव्हता. त्याचा ठोका साडेबारा नॅनोसेकंदांचा, आणि नॅनोसेकंदात प्रकाशही जेमतेम तीस सेंटिमीटर जातो. म्हणून आत कुठलीही वायर चार फुटांपेक्षा लांब असू नये असा दंडक होता. संदेश वेळेवर पोहोचावा म्हणून वायर मोजून कापल्या आणि हातांनी जोडल्या. पाठीमागून पाहिले तर तो वायरींचा गुंताच दिसतो. पण त्या गुंत्यातली प्रत्येक लांबी हिशेबाची होती. डोळ्याला विस्कळीत आणि बुद्धीला नेमके, असे काही असू शकते हे त्या यंत्राकडून शिकावे.

काचेच्या कॅबिनेटमधले उलटे. मदरबोर्डला जाणारी मुख्य केबल चोवीस वायरींची, बारा-बाराच्या दोन रांगा. वायरींमधले अंतर ४.२ मिलिमीटर. ही रांग सपाट ठेवून काटकोनात वळवायची असेल तर सर्वांत आतल्या आणि सर्वांत बाहेरच्या वायरच्या लांबीत सात सेंटिमीटरांहून अधिक फरक पडतो. खळ्यावर तिवड्याभोवती फिरणाऱ्या पातीत आतला बैल थोडे चालतो आणि कडेचा जास्त, तसेच हे. सगळ्या वायर एकाच लांबीच्या असतील तर वळणावर आतल्या फुगतात. म्हणून जाणता जोडणारा प्रत्येक वायर वेगळी कापतो, टोकाला पिन दाबतो, वरून विणलेले आवरण चढवतो. एका केबलला अख्खी संध्याकाळ. क्रे-१ मधली वायर वेळेसाठी मोजली होती, ही डोळ्यासाठी मोजली आहे.

मर्ढेकरांनी सौंदर्याचे जे लयतत्त्व मांडले, त्यातले संवाद, विरोध आणि समतोल इथे शाळकरी उदाहरणासारखे सापडतात : समांतर वायरींचा संवाद, आडव्या नळीचा उभ्या केबलशी विरोध, टाकीने साधलेला समतोल. पण तेवढ्यावर थांबलो तर समीक्षा फोटोपुरती राहते. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मला इथे अधिक उपयोगी वाटते. सौंदर्यविचाराला अलौकिकतेचे आणि लौकिकतेचे असे दोन ध्रुव असतात, आणि एकाने दुसऱ्याला गिळून चालत नाही, हा त्यांचा आग्रह. हा संगणक म्हणजे त्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेली दोरी. तो चित्रासारखा पाहायचा असतो आणि त्यावर रात्रभर कामही करायचे असते. काम थांबले तर चित्राला अर्थ नाही. नुसते कामच हवे असते तर दोन हजारांचा हवेचा कूलर पुरला असता.

म्हणून या वस्तूची कसोटी काचेच्या बाजूला लागत नाही. ती लागते मागच्या पत्र्यापाशी. मदरबोर्डच्या पाठीमागे जेमतेम दोन बोटांची जागा असते, आणि समोर जे दिसू नये ते सगळे तिथे कोंबले जाते. बहुतेक देखण्या संगणकांचा मागचा पत्रा दोन गुडघे लावून बंद करावा लागतो. अस्सल पैठणी पारखणारी बाई पदर उलटा करून पाहते, कारण त्या विणीत उलट बाजूही सुलट इतकीच स्वच्छ असते. मी त्या तरुणाला मागचा पत्रा काढायला सांगितले. तो क्षणभर थांबला, मग काढला. केबल तीन उभ्या वाटांनी गेलेल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर मराठीत ‘वरचा पंखा’, ‘पंप’, ‘डिस्क २’. तळाच्या कोपऱ्यात मात्र रंगीत दिव्यांच्या वायरींचा मुठीएवढा गोळा, चार केबल टायने करकचून बांधलेला. दिवे समोरून सप्तरंगी आणि मागून हा गोळा. जो अलंकार वस्तूच्या रचनेतून येत नाही त्याचे ओझे कुठेतरी असे साठतेच. पाण्यात रंग घातला नाही, हे बरे केले. दाट रंगाचे कण वॉटरब्लॉकच्या केसासारख्या चरांत साचतात. त्याने इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घेतले आहे, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारे थेंब.

आणखी एक जागा पाहायची असते, ती तळाची. या जिल्ह्यात पाणी अडवण्याची विद्या जुनी. नवेगावबांध घ्या किंवा गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांत पाळ जितकी महत्त्वाची तितकेच तुडुम, पाणी सोडायचे दार. पाणी अडवणाऱ्याने ते सोडायचे कसे हे आधी ठरवलेले असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पाळी राहिल्या, पण तुडुम राखणारी माणसे हळूहळू पांगली. संगणकाच्या या बंदिस्त फेऱ्यातही सर्वांत खालच्या बिंदूवर पाणी काढायची तोटी लागते. ती फोटोत कुरूप दिसते, म्हणून कित्येक जण बसवत नाहीत. मग एखादा पंप बिघडला की अख्खे कॅबिनेट उचलून तिरपे करायचे आणि महागड्या कार्डांवर पाणी सांडताना पाहायचे.

या संगणकात तोटी आहे. रेडिएटरच्या खाली, पितळी, काळा रंग न दिलेली. समोरून नळ्यांच्या सुंदर चौकटीत ती एकटी खटकते, आणि ते खटकणे मला पटते. तोटी का बसवली, असे विचारल्यावर आलेले उत्तर मात्र तंत्राचे नव्हते. पुण्यातल्या एका कंपनीत त्याची मुलाखत झाली आहे. पाण्याने भरलेला संगणक रेल्वेने नेता येत नाही. बोलावणे आले तर दीड लिटर पाणी बादलीत काढायचे, नळ्या सोडवायच्या, कार्डे स्वतंत्र खोक्यांत बांधायची आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या बर्थखाली सरकवायची. तिथल्या भाड्याच्या खोलीत ही जोडणी पुन्हा अशीच उभी राहील का, हे त्याला माहीत नाही. चिठ्ठ्या त्यासाठीच लावल्या आहेत, असे तो म्हणाला. दिव्यांचा गोळा तेवढा इथेच सोडून जावा, असे मी त्याला सुचवले आहे.