लिलाव आणि गळ

विनोदी साहित्याचा विचार करताना दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक ल्यूशियन याला वगळून चालणार नाही. त्याच्या एका संवादात झ्यूस देव चक्क तत्त्वज्ञांचा लिलाव मांडतो आणि हर्मीस देव बोली पुकारतो. सॉक्रेटिसला दोन टॅलंट एवढी भरघोस किंमत येते. डायोजेनिस मात्र दोन ओबोल, म्हणजे निव्वळ चिल्लरीत जातो.

‘मच्छीमार’ या पुढील संवादात हे संतप्त तत्त्वज्ञ एका दिवसापुरते पाताळातून परततात. शतकांचे अंतर ओलांडून आलेले सॉक्रेटिस व प्लेटो लेखकावर दगड घेऊन धावतात! अथेन्सच्या अक्रोपोलिसवर खटला चालतो. आपण थोरांची नव्हे, त्यांच्या नावावर जगणाऱ्या भोंदूंची टिंगल केली, हा लेखकाचा बचाव मान्य होतो. मग सोने व अंजीर गळाला लावून तो त्या भोंदूंना वर ओढतो.

प्रसंग बहारीचा आहे. बचाव मात्र पटत नाही. लिलावात उभे होते ते गुरूच. तरीही हा दुसरा संवाद अधिक सरस वाटतो, कारण येथे हसणाऱ्यालाच आपल्या हसण्याचा जाब द्यावा लागतो.

ल्यूशियनने ख्रिस्ती लोकांचीही अन्यत्र थट्टा केली आहे. असे असूनही संत थॉमस मोर आणि इरॅस्मस यांनी १५०६ साली त्याच्या काही लेखनाची लॅटिन भाषांतरे प्रसिद्ध केली. श्रद्धेला अशा हास्याचे भय नसावे. उपदेश करणे हेच ज्यांचे काम, त्या आम्हा मंडळींनी तर तो सोन्याचा गळ जरा निरखूनच पाहावा.