८७ आणि ९४ : टीईटी नेमकं काय मोजते?

नोव्हेंबर २०२१ च्या टीईटीत मला ८७ गुण पडले आणि मी नापास झाले. नोव्हेंबर २०२४ ला ९४ पडले, पास झाले. पेपर दोन, गणित-विज्ञान. मधल्या तीन वर्षांत मी एम.एस्सी. केमिस्ट्री संपवलं, पेट दिली, पीएच.डी.ला लागले. बालमानसशास्त्राचं पुस्तक एकदाही उघडलं नाही. वर्गात तर पाऊलही टाकलं नाही. तरी सरकारी कागदावर मी २०२१ ला शिक्षक व्हायला अपात्र होते आणि २०२४ ला पात्र झाले.

हे मी गमतीनं सांगत राहायचे. गेल्या वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि गंमत संपली. आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला असेल तर, दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. नाहीतर नोकरी सोडावी लागेल. पाच वर्षांच्या आत निवृत्त होणारे राहू शकतात, पण त्यांना बढती नाही. माझी आई कंधार तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. २००३ ला तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागली. निवृत्तीला अजून अकरा वर्षं आहेत. आता ती रात्री जेवणं झाल्यावर पेपर एकचा सराव संच घेऊन बसते. मी शनिवारी नांदेडहून गेले की विचारते, "काय वाचायलीस?" ती म्हणते, "पियाजे. डी.एड.ला होता, आता परत आलाय."

या ब्लॉगवर आपण एरवी शोधनिबंध कसा वाचायचा, आराखडा कसा लिहायचा असलं बोलतो. आज एका परीक्षेकडे संशोधकाच्या नजरेनं बघू. प्रयोगशाळेत नवीन उपकरण आलं की आपण पहिल्यांदा काय करतो? कॅलिब्रेशन. ते काय मोजतं, किती अचूक मोजतं, आणि जे मोजायचं नाही तेही त्यात मिसळतं का, हे बघतो. टीईटी हेही उपकरणच आहे. २०१३ च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रात ते चालू आहे.

आधी उपकरणावर काय लिहिलंय ते वाचू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच वर्षी २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेनं, म्हणजे एनसीटीईनं, पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी किमान अर्हता ठरवली, त्यात टीईटी आली. फेब्रुवारी २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तिची कारणं दिली आहेत : शिक्षकाच्या गुणवत्तेचं राष्ट्रीय मानक असावं, अध्यापक महाविद्यालयांनी सुधारावं, आणि सरकार गुणवत्तेला महत्त्व देतं हा संदेश जावा. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९०. आरक्षित प्रवर्गांना आपल्याकडे ५५ टक्के. मला सवलत लागू नाही, म्हणून माझी रेघ ९० ची.

आता माझ्या ८७ आणि ९४ चं काय करायचं? हिशोब सोपा आहे, वहीत करून बघा. समजा, एखाद्या उमेदवाराची खरी तयारी बरोबर ६० टक्क्यांची आहे. म्हणजे अभ्यासक्रमातले शक्य तेवढे सगळे प्रश्न विचारले तर शंभरातले साठ तो बरोबर सोडवेल. पण पेपरात येतात त्यातले दीडशेच. कुठले येतील हा योगायोग. द्विपद वितरणाचं प्रमाण विचलन काढा : १५० गुणिले ०.६ गुणिले ०.४, याचं वर्गमूळ. ३६ चं वर्गमूळ, सहा. म्हणजे याच माणसाला एकदा ८४ पडू शकतात, एकदा ९६, आणि साधारण दर तीन पेपरांतून एकदा याच्याही बाहेर. दोन पेपरांतल्या फरकाची त्रुटी आणखी मोठी, साडेआठच्या आसपास. माझा फरक सातचा. म्हणजे मी तीन वर्षांत हुशार झाले असं या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही. २०२१ ला मी नालायक होते असंही नाही. हा हिशोब ढोबळ आहे, खऱ्या परीक्षेची त्रुटी थोडी कमी निघेल. पण एका गुणानं आयुष्य फिरवण्याइतकी बारीक ती कधीच होणार नाही.

त्याच सूत्रानं पुढे जा. ज्याची खरी पातळी ८४ ची आहे, त्याला एका प्रयत्नात ९० गाठायची शक्यता साधारण १८ टक्के. चार प्रयत्नांत किमान एकदा? निम्म्याहून जास्त, ५५ टक्के. उलट ज्याची पातळी ९६ ची, तो सातातून एकदा तरी नापास होतो. प्रयत्नांना मर्यादा नाही आणि २०२१ पासून प्रमाणपत्र आजीवन आहे. म्हणजे रेघ कागदावर ९० ची असली तरी ज्याच्याकडे वेळ आणि फीचे पैसे आहेत त्याच्यासाठी ती हळूहळू खाली सरकते. आईकडे दोन वर्षं आहेत. त्यात परीक्षा किती वेळा होते त्यावर तिची रेघ ठरणार. २०२१ नंतरची पुढची परीक्षा थेट २०२४ ला झाली होती, हे विसरू नका.

इथे दुसऱ्या टोकाला जाऊ नका. "टीईटी म्हणजे लॉटरी" असं म्हणणारे ट्यूशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. डोळे मिटून गोळे रंगवले तर सरासरी ३७ किंवा ३८ गुण पडतील. नशिबानं ९० कुणाला पडत नाहीत. परीक्षा काहीतरी मोजते, हे नक्की.

आणि निकालाच्या बातम्यांबद्दल. २०२१ आणि २०२४ या दोन्ही वेळी निकाल पाच टक्क्यांच्या आत होता. लगेच मथळे आले की भावी गुरुजींची अब्रू गेली. तुम्ही संशोधनाला बसणार आहात, तर असा आकडा दिसला की छेदाकडे बघायची सवय लावा. जो पास होतो तो परत बसत नाही, प्रमाणपत्र आजीवन आहे. जो नापास होतो तो परत येतो. म्हणजे दर वेळी बसणाऱ्यांत आधी नापास झालेले साठत जातात. टक्केवारी घसरली म्हणून शिक्षक घसरले, असं त्यातून निघत नाही. केमिस्ट्रीच्या भाषेत सांगायचं तर आपण गाळून उरलेला साका तपासतोय आणि निष्कर्ष मूळ द्रावणावर काढतोय.

आता खरा मुद्दा. बी.एड.च्या मूल्यमापनाच्या पेपरात आपण दोन शब्द पाठ केले होते, विश्वसनीयता आणि सप्रमाणता. वर झालं ते विश्वसनीयतेचं. सप्रमाणता म्हणजे चाचणी जे मोजते म्हणते तेच मोजते का. (या दोन शब्दांच्या व्याख्या टीईटीत विचारतात. त्या टीईटीलाच लावून बघा म्हणून कुणी सांगत नाही.)

सप्रमाण मापन कसं असतं, हे नांदेडनं एकदा राज्याला दाखवलंय. २०११ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांची पटपडताळणी केली. पटावर मुलं भरपूर, वर्गात कमी, आणि तीच मुलं आज या शाळेत तर उद्या त्या शाळेत उभी करायची, हा धंदा सगळ्यांना माहीत होता. त्यांनी मुलांच्या बोटाला निवडणुकीसारखी शाई लावली. शाई लागलेलं बोट दुसऱ्या शाळेत मोजता येत नाही. संपलं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तशी पडताळणी झाली, बोगस पट उघडा पडला आणि त्यानंतर शिक्षक भरती कित्येक वर्षं जवळपास थांबली. त्या भरतीबंदीत आमच्याकडची डी.एड. झालेली एक अख्खी पिढी पिठाच्या गिरण्या आणि झेरॉक्सच्या दुकानांत गेली. पण मापन म्हणून शाई चोख होती. "हे मूल या शाळेचं आहे का", एवढाच तिचा प्रश्न होता आणि उत्तरही तेवढंच होतं.

टीईटीचा प्रश्न आहे, "हा माणूस लेकरांना शिकवू शकेल का". उत्तर मिळतं ते "हा माणूस चार पर्यायांतून बरोबर पर्याय ओळखू शकतो का" या प्रश्नाचं. दोन्हींत काही नातं असेल. किती, हे मोजून दाखवावं लागतं. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. लातूर पॅटर्नच्या गावात पर्याय ओळखायची कला किती शिकवता येते हे ट्यूशन एरियातली गर्दीच सांगते. जी गोष्ट चार महिन्यांच्या बॅचमध्ये वाढते, ती शिकवण्याची क्षमताच आहे का, हा प्रश्न पडायला हवा.

त्यात पुढची चाळणी वेगळीच. एनसीटीईच्या सूचनांमध्ये भरती करताना टीईटीच्या गुणांना वजन द्यावं असं म्हटलंय. आपल्याकडे पवित्र पोर्टलवर गुणवत्ता लागते ती टेटची, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची. दोनशे प्रश्न, दोन तास, त्यात ८० बुद्धिमत्तेचे. टीईटीत ९१ असोत नाहीतर १३१, तिथे सारखेच. आणि जिल्हा परिषदेच्या जागेसाठी या सगळ्या प्रवासात उमेदवार एकदाही फळ्यासमोर उभा राहत नाही. पाठ घेऊन दाखवायची वेळ येते ती फक्त 'मुलाखतीसह' पर्याय निवडणाऱ्या खासगी संस्थांत. तिथे काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग टीईटी फेकून द्यायची का? इथे मला माझ्याच विरुद्ध बोलावं लागेल. आईसोबत सराव संच सोडवताना दिसलं की अपूर्णांकांच्या भागाकाराशी ती अडखळते. पद्धत पाठ आहे, उलटा करून गुणायचं. का उलटायचं, हे सांगता येत नाही. आणि पाचवीला अपूर्णांक तीच शिकवते. मी गप्प बसले. परीक्षेनं काहीतरी खरं पकडलं होतं.

हे "काहीतरी" किती महत्त्वाचं, यावर एक अभ्यास वाचण्यासारखा आहे. मेट्झलर आणि व्योसमान यांचा, पेरू देशातल्या सहावीच्या वर्गांवरचा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांची अडचण आपल्यासारखीच होती : चांगल्या शिक्षकाला अनेकदा चांगली शाळा, चांगली मुलं मिळतात, मग श्रेय कुणाचं? त्यांनी युक्ती केली. एकच शिक्षक जिथे गणित आणि भाषा दोन्ही शिकवतो असे वर्ग घेतले. शिक्षक तोच, मुलं तीच, गाव तेच. फरक फक्त एवढाच की शिक्षकाला दोनपैकी एक विषय जास्त येतो. त्या विषयात मुलंही पुढे आहेत का, हे पाहिलं. गणितात परिणाम दिसला, पण माफक : शिक्षकाचं विषयज्ञान एका प्रमाण विचलनानं वाढलं तर मुलांचे गुण साधारण ०.०९ प्रमाण विचलनानं वाढतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये डॅन गोल्डहेबर यांनी परवाना परीक्षेवर केलेलं काम (२००७) याच दिशेचं आहे. नातं आहे, पण अशक्त. आणि रेघ कुठेही ओढली तरी काही चांगले शिक्षक बाहेर राहतात, काही कच्चे आत येतात.

मला वाटतं, पेरूची ही रचना आपल्या जिल्हा परिषद शाळांना जशीच्या तशी बसते. दोन शिक्षकी शाळेत एकच बाई मराठीही शिकवतात, गणितही. टीईटीच्या पेपर एकमध्ये दोन्हींचे ३०-३० प्रश्न वेगळे आहेत. बाईंचे गणितातले गुण वजा मराठीतले गुण, आणि त्यांच्या वर्गाचे गणितातले वजा मराठीतले. बस्स, एवढंच ताडून बघायचं. दोन वर्षांत राज्यभरातले सेवेतले शिक्षक या परीक्षेला बसणार आहेत. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं एकाच मापात मोजली जाण्याची अशी संधी पुन्हा येणार नाही. शिक्षणशास्त्रात पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्यांनो, "अमुक तालुक्यातील शिक्षकांच्या अभिवृत्तीचा अभ्यास" सोडा आणि याकडे बघा.

खाचखळगे आत्ताच सांगते. मुलांचे गुण कुठून आणणार? संकलित चाचण्यांचे पेपर बहुतेक वर्गशिक्षकच तपासतात, ज्याला मोजायचं त्याच्याच हातात मोजपट्टी. म्हणजे स्वतंत्र चाचणी घ्यावी लागेल. शिवाय तीस प्रश्नांच्या विभागाची त्रुटी दीडशेच्या पेपरापेक्षा प्रमाणात खूप जास्त, वरचं सूत्र लावून बघा. शंभर शिक्षकांवर हे निभणार नाही.

आणि एक गोष्ट अशी, जी या रचनेतही सापडणार नाही. आईच्या शाळेतली लेकरं घरी गोरमाटी बोलतात. पहिलीत आलेलं मूल 'आई' म्हणत नाही, 'याडी' म्हणतं. पुस्तकाच्या चित्राखाली 'आई' लिहिलेलं असतं. आईला हे कळायला पहिली दोन वर्षं गेली. मग ती तांड्यावरच्या बायकांकडून बोलायला शिकली. किनवट-माहूरला गोंडी-कोलामीचं, देगलूर-धर्माबादला तेलुगूचं, उदगीर-देवणीकडे कन्नडचं असंच आहे. टीईटीत भाषेचे साठ प्रश्न आहेत. पण या मुलाला या भाषेतून त्या भाषेत कसं आणायचं हे चार पर्यायांत बसत नाही.

एक शेवटचं, कारण याकडे कुणी बघत नाही. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. महाविद्यालयांना मिळालेल्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, २०१२ ला अहवाल आला. टीईटीच्या उद्देशांत अध्यापक महाविद्यालयं सुधारावीत हे आहेच. मग निकाल महाविद्यालयवार का लावत नाहीत? कुठल्या कॉलेजचे किती पास, हे छापलं तर ९० ची रेघ संस्थांनाही लागेल. आत्ता ती फक्त माणसांना लागते.

परवा आईनं सराव संच तपासायला दिला. ८१. गणितात १४. मी अपूर्णांकांसाठी कागदाच्या पट्ट्या कापून दाखवल्या : अर्ध्या पट्टीत पाव पट्टी किती वेळा बसते. तिनं दोनदा घडी घालून बघितली. मग म्हणाली, "ह्या पट्ट्या राहू दे. सोमवारी पाचवीला नेते."