काशीहून देशी गेलेली पत्रे : 'विशेष' या शब्दानंतर

अठराव्या शतकात महाराष्ट्रातून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या सावकार, दीक्षित आणि वैदिक मंडळींनी देशी धाडलेली मोडी पत्रे इतिहासाच्या अभ्यासकांना चांगली परिचित आहेत. राजवाड्यांचे साधनखंड आणि सरदेसाईंनी १९३० नंतर संपादित केलेले पेशवे दफ्तर यांतून अशी पत्रे प्रकाशात आली. मोतीचंद्रांनी 'काशी का इतिहास' (१९६२) या हिंदी ग्रंथात मराठी पत्रव्यवहाराचा आधार घेतला आहे. समीक्षेने ऐतिहासिक पत्रांच्या भाषेचे कौतुक केले खरे. पण परमुलखात राहणाऱ्या माणसाने घरी लिहिलेले पत्र, असे त्यांचे वाचन क्वचितच झाले.

या पत्रांचा साचा ठरलेला असतो. नमस्कार, 'विनंती उपरी', येथील क्षेम, तेथील कुशल लिहिण्याची अपेक्षा, आणि मग 'विशेष'. कुशल सांगून झाल्याखेरीज संकट सांगता येत नाही. पूर्व युरोपातील यहुद्यांच्या यिडिश पत्रांतही हीच रीत होती. शोलेम अलेखेम यांनी 'मेनाखेम-मेंडल' या पत्ररूप कृतीत तिचा विनोदासाठी उपयोग केला. व्यापारात नशीब काढायला ओडेसाला गेलेल्या नवऱ्याला गावाकडची बायको आधी घरची खुशाली कळवते आणि 'दुसरे म्हणजे' म्हणून त्याची यथास्थित खरडपट्टी काढते. साचा तोच, पण खरा आवाज त्याच्या पुढच्या शब्दात उमटतो. आपले 'विशेष' त्या दृष्टीने वाचायला हवे.

सदाशिव नाईक जोशी यांनी १७३५ मध्ये बाजीरावांना कळवलेला घाटांच्या बांधकामाचा मजकूर मुख्यतः हिशेबी आहे. घाट म्हणजे पुण्य, ही आपली नंतरची भाविक समजूत. काशीत बसून काम करवून घेणाऱ्याला दगड, मजूर आणि पैसा यांचीच विवंचना अधिक.

खरी कसोटी १७४२ च्या पत्राची. मल्हारराव होळकर फौजेसह अंतर्वेदीत होते. ज्ञानवापीची मशीद पाडून विश्वेश्वराचे देऊळ उभारावे, हा त्यांचा मनोदय काशीत कळला. देशी हे ऐकून आनंद झाला असता. काशीतले पंचद्रविड ब्राह्मण मात्र भयभीत झाले. कारण फौज काम करून निघून जाणार, आणि मागे राहणार ते अयोध्येच्या सुभेदारीखालील शहरात. बादशाही हुकमाविना हे घडले तर त्याची किंमत आपल्याला प्राणाने चुकवावी लागेल, अशी ही धास्ती आहे. हे कृत्य होऊ नये म्हणून पेशव्यांकडे गाऱ्हाणे न्यावे, असा विचार तिथे झाला.

या पत्रात कोणाला भेकडपणा दिसेल, तर कोणाला मुत्सद्देगिरी. माझ्या मते दोन्ही वाचने पुण्यात बसून केलेली आहेत. देवाविषयीची निष्ठा लेखकाने कुठेही सोडलेली नाही. त्याच देवाच्या पायाशी घर करून राहायचे आहे, म्हणून तो लिहितो. इतर पत्रांत 'हे विनंती' हा केवळ समारोपाचा शिष्टाचार असतो. अशा मजकुरानंतर मात्र तो शब्द शब्दशः खरा होतो. क्षेत्राचा अभिमान देशी वाढत असताना त्या क्षेत्रातला रहिवासी त्या अभिमानालाच भितो, हा पेच मला समकालीन बखरगद्यात इतक्या उघडपणे आढळलेला नाही. बखर घडून गेल्यावर लिहिली जाते. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते.

वाचनाची एक अडचण मात्र राहते. दप्तर जपणारा आपल्याकडे आलेले कागद जपतो, पाठवलेले त्याच्याकडे सहसा उरत नाहीत. म्हणून देशातल्या दप्तरांत काशीकरच बोलत राहतात. शोलेम अलेखेमने बायकोची पत्रेही लिहिली. कादंबरीकाराला ती मुभा असते. आपल्याला घरचा आवाज काशीच्या पत्रातच शोधावा लागतो : 'आपण लिहिले की' अशा उल्लेखांत, आणि ज्या गोष्टींचा खुलासा लेखक कोणी विचारल्याखेरीज करणार नाही, अशा खुलाशांत.