कोल्हापुरीचं गाव कुठलं?

शो चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतरच्या गदारोळात ते कुणी बोललंच नाही.

२२ जून २०२५ च्या रविवारी प्राडाने मिलानमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे पुरुषांचे कपडे दाखवले. मिउचा प्राडा आणि राफ सिमन्स या दोघांनी शोचं नाव ठेवलं होतं ‘अ चेंज ऑफ टोन’. दालन जवळजवळ रिकामं, जमिनीवर फुलांच्या आकाराचे गालिचे, बास. एरवी पुरुषांचा शो म्हटला की खांदे रुंद करणारी जॅकेट आणि युद्धावर निघाल्यासारखे चेहरे. इथे पोरं लहान मुलांच्या चड्डीसारख्या आखूड पँटी आणि गवती टोप्या घालून, सुट्टीच्या दिवशी दूध आणायला निघाल्यासारखी चालत होती. पुरुषाने जरा सैल व्हावं, असं तो शो म्हणत होता, आणि ते मला पटलं. मी साताऱ्याचा. आमच्याकडे मुलाने गुलाबी शर्ट घातला तरी पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चार जण हाका मारून विचारतात. असा सैलपणा माझ्यासाठी चैनीची गोष्ट नाही.

मग कॅमेरा खाली गेला. पायात कोल्हापुरी.

म्हणजे अंगठ्याचं कडं, पावलावरून जाणारा पट्टा, मधली वेणी, सपाट तळ, चामड्याचा तोच तपकिरी रंग. फॅशनवाल्यांना ‘प्रेरणा’ हा शब्द आवडतो. पण प्रेरणा म्हटलं की मूळ गोष्टीचं काहीतरी वेगळं व्हायला लागतं. या शोमधल्या चड्डीचं तसं झालं होतं, टोपीचं झालं होतं. चपलेचं काहीच झालं नव्हतं. ती आहे तशी उचलून ठेवली होती. समीक्षक म्हणून माझी पहिली तक्रार ही आहे, आणि ती अस्मितेची नाही, कामाची आहे. एवढे हुशार दोन डिझायनर बाकी सगळ्यावर विचार करतात आणि पायापाशी येऊन थांबतात. का? कारण तिथे विचार आधीच कुणीतरी करून ठेवला होता.

तो विचार काय आहे ते एकदा हातात घेऊन बघायला हवं. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते. तळाला जाड कातडं, वेणीला शेळीचं पातळ. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. डावी-उजवी पहिल्या दिवशी जेमतेम ओळखू येते. आठ दिवस ती चावते, तुम्ही तेल चोळता, शिव्या देता, आणि मग ती तुमच्याच पायाची होते, दुसऱ्या कुणाला बसत नाही. बूट घालणाऱ्याला विकत घेतल्या क्षणी तयार वस्तू मिळते. इथे शेवटचा हात घालणाऱ्याचा असतो. मऊ चामडं आणि गादीचा तळ लावून पहिल्याच दिवशी आरामदायक केलेली कोल्हापुरी मी घालून पाहिली आहे. ती छान असते आणि तिच्यात काही राम नसतो.

शोच्या वेळी प्राडाने या चपलेची ओळख फक्त चामड्याची सँडल अशी करून दिली. ना गाव, ना देश. दोन दिवसांत आपल्याकडे भडका उडाला. पुढचा क्रम तुमच्या फीडमधून गेलाच असेल. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, लोरेन्झो बर्तेल्ली यांनी उत्तरात मान्य केलं की सँडल भारतीय कारागिरीवरून सुचलेली आहे आणि डिझाइन अजून प्राथमिक अवस्थेत आहे. जुलैत प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. काही वकिलांची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलैला फेटाळली. हक्क ज्यांच्या नावावर नोंदलेला आहे त्यांनी यावं, तुमचा इथे काय संबंध, असा त्याचा साधारण अर्थ.

हक्काचा हा मुद्दा बहुतेक रीलवाल्यांनी उलटा सांगितला. ‘आपल्याकडे जीआय टॅग आहे, प्राडाने तो मोडला.’ पण भौगोलिक मानांकन नावाला असतं. ‘कोल्हापुरी चप्पल’ हे शब्द कुणी, कुठल्या मालावर लावायचे, एवढं ते ठरवतं. आकार, वेणी, अंगठ्याचं कडं यांच्यावर त्याची मालकी नाही. म्हणजे प्राडाने मोठ्या मनाने ‘कोल्हापुरी’ असं लिहिलं असतं, तर कायद्याचा प्रश्न उभा राहू शकला असता. नाव न घेता गप्प बसणं कायद्याच्या दृष्टीने जास्त सुरक्षित होतं. मी दिवसभर कोड लिहितो. ओपन सोर्समधली बहुतेक उदार लायसन्ससुद्धा एवढी एक अट ठेवतात, की घ्या, बदला, विका, पण मूळ लिहिणाऱ्याचं नाव फाइलमध्ये राहू द्या. इथे नियम नेमका उलटा पडतो. नाव काढून टाका आणि खुशाल घ्या.

नाव घेणं अशक्य असतं असं मात्र नाही. २०१४ मध्ये पॉल स्मिथ या ब्रिटिश डिझायनरने पेशावरी चपलेला ‘रॉबर्ट’ म्हणून विकायला काढलं, पाकिस्तानातून ओरड झाली, आणि वर्णनात पेशावरीचा उल्लेख आला. मार्च २०२३ मध्ये डिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हा मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेचं आणि करिश्मा स्वाली यांचं नाव पहिल्यापासून पुढे होतं. आणि प्राडाच्या शोनंतर दोनच दिवसांनी, २४ जूनला, पॅरिसमध्ये लुई व्हिताँचा भारतावर बेतलेला शो झाला. सापशिडीचा भलामोठा पट अंथरला होता, आणि तो स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांनी केला हे सगळ्यांना सांगितलं गेलं. आर्किटेक्टला नाव असतं. एम्ब्रॉयडरीच्या कार्यशाळेलाही आता असतं. चपलेला नव्हतं. हा फरक फक्त युरोपात पडतो असं समजून आपण झोपायला हरकत नाही, पण तसं नाही.

कारण ‘कोल्हापुरी’ हे नाव तरी कुणाचं आहे? २०१९ मध्ये मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. नोंद दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे, आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत इतकी कोल्हापुरी बनते, की मिरजेहून तिकडे गेलेला माणूस चक्रावून जाईल. तिथल्या बायकांच्या बचतगटांनी ‘टोहोल्ड’ नावाने स्वतःचा माल बाहेर विकून दाखवला होता. पण दुकानावरची पाटी कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला, मोठी पेठ तिथे झाली, नाव तिथलं लागलं. पेठेचं नाव मालाला लागणं ही जुनी रीत आहे, त्यात कुणाचा कट नाही. तरी मिलानने कोल्हापूरचं नाव पुसलं म्हणून आपण रडतो, तेव्हा कोल्हापूरच्या नावाखाली अथणी पुसली गेलेली असते, आणि साताऱ्याचं-सांगलीचं तर कुणाच्या गावीही नसतं. सांगलीत कापड पेठेच्या बाजूला एका दुकानात मी विचारलं, “काका, हा जोड कुठला?” ते म्हणाले, “कोल्हापुरी.” “ते कळलं, पण बनवला कुठं?” काकांनी चप्पल उलटी करून तळ बघितला, जणू तिथे लिहिलेलं असेल. मग म्हणाले, “माल येतो बघा.”

माल येतो. हे वाक्य मला प्राडाच्या वर्णनाइतकंच पूर्ण वाटलं.

या नावाच्या खाली अजून एक नाव आहे, ते आपण रीलमध्ये घेत नाही. कातडं कमावणं ढोर समाजाचं काम, शिवणं चर्मकारांचं. गावगाड्यात चांभाराला बलुतं मिळायचं ते पायताणाचं आणि विहिरीच्या मोटेचं. शेतावर इंजिनं आली, मोट गेली, निम्मं काम गेलं. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढवली, तेव्हा कातड्याचा पुरवठा आटला. म्हैस वगळलेली असली तरी ट्रक अडवणारे कातड्याची जात बघत बसत नाहीत. त्या वर्षी ‘आपली कोल्हापुरी’ म्हणून कुणी डीपी बदलला नव्हता. जून २०२५ मध्ये जी पोस्ट सगळ्यात जास्त फिरली, तिच्यात चप्पल ‘मराठी मातीची’ होती, ‘शिवरायांच्या मावळ्यांची’ होती, ‘आपल्या बळीराजाची’ होती. करणाऱ्याची नव्हती. चामड्याला हात लावणाऱ्याला ज्या गावांनी शतकानुशतकं हात लावू दिला नाही, त्याच गावांना आता चप्पल वारसा म्हणून हवी आहे, फक्त चामडं वगळून. हे मी कुणा मिलानवाल्याला समजावून सांगू शकत नाही.

आणि आपण ती घालतो तरी कशी? मी सांगलीत वालचंदला इंजिनिअरिंगला होतो. कपड्यांचं वेड तिथेच लागलं. होस्टेलच्या वायफायवर रात्री शो बघायचे, शनिवारी हरभट रोड आणि मारुती रोड पालथे घालायचे, पाहिलेल्यातलं काय चारशे रुपयांत जमेल ते शोधायचं. वर्षभर सगळी मुलं स्पोर्ट्स शूजमध्ये. मग ट्रॅडिशनल डे यायचा, आणि अख्खा कॅम्पस करकरायला लागायचा. फेटा, कुर्ता, कोल्हापुरी, दुसऱ्या दिवशी परत शूज. लग्नात तेच, शिवजयंतीला तेच. आपण कोल्हापुरीचा पोशाख केलाय, कपडा ठेवलेला नाही. कपडा कळकतो, झिजतो, ऑफिसला जातो. प्राडाच्या पोरांनी ती आखूड चड्डीवर, बिनधास्त, रोजच्यासारखी घातली होती. शोमधली सगळ्यात ताजी गोष्ट मला तीच वाटली, आणि ती आपल्याला सुचली नव्हती याचा रागही आला. मी ती जीन्सवर घालून स्टँडअपला जातो. एका सहकाऱ्याने विचारलं, “आज काय, पूजा?”

ट्रॅडिशनल डेच्या त्या शंभर जोडांमधले निम्मे रेक्झिनचे असायचे, हे वेगळंच. पातळ फोमचा तळ, मशीनने छापलेली वेणी, वर सोनेरी अक्षरांत ‘कोल्हापुरी’. किंमत खऱ्या जोडाच्या निम्म्याहून कमी. आता मघाचा कायदा आठवा. प्राडाने चामडं वापरलं आणि नाव टाळलं. आपल्या बाजारात नाव वापरतात आणि चामडं टाळतात. जीआय ज्याला तंतोतंत लागू पडतो तो गुन्हा मिलानमध्ये झालेला नाही, साताऱ्याच्या राजपथावर रोज संध्याकाळी होतो. कारागिराचं गिऱ्हाईक खरं तोडलं ते याने. मिलानमध्ये महागडी सँडल घेणारा माणूस साताऱ्यातल्या चर्मकाराकडे तशीही येणार नव्हता.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकर यांच्याशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून २,००० जोड बनवायचे, एका जोडाची किंमत साधारण ८०० युरो, विक्री फेब्रुवारी २०२६ पासून. कारागिरांना प्रशिक्षण हाही करारातला भाग. बातमी आली तशी ‘आपण जिंकलो’च्या पोस्टही आल्या. मला करार आवडला, एका कारणासाठी. दोन्ही राज्यांची महामंडळं एका कागदावर आली, म्हणजे अथणी निदान कागदावर दिसली. बाकी माझा हिशेब साधा आहे. २,००० गुणिले ८०० म्हणजे १६ लाख युरो. यातले वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात प्रत्येक जोडामागे किती पडतात, तो आकडा छापा. मग मी टाळ्या वाजवीन, उभा राहून. आणि ‘प्रशिक्षण’ या शब्दाला मी जरा अडखळतो. ज्यांचं काम जसंच्या तसं उचलण्याइतकं पूर्ण होतं, त्यांना नेमकं काय शिकवायचं आहे? भाव सांगायला शिकवणार असाल तर शिकवा.

या सगळ्यातली मला खरी इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट कुठल्या रॅम्पवर आली नाही. वाद चालू असतानाच लिडकॉमने जोडांवर क्यूआर कोड लावायचं जाहीर केलं. स्कॅन केलं की कारागिराचं किंवा युनिटचं नाव, जिल्हा, कच्चा माल, बनवण्याची पद्धत दिसणार. दुकानातल्या काकांनी तळ उलटा करून जे शोधलं होतं, ते तिथे लिहिलेलं असणार. डेटाबेसचं काम करणारा माणूस म्हणून मी लगेच कॉलम मोजायला लागलो. कोल्हापुरी एका माणसाची नसतेच. कातडं कमावणारा एक, तळ कापणारा दुसरा, वेणी बहुतेक घरातल्या बाईची, जोडणी घरच्या कर्त्या पुरुषाची. आणि नावाचा रकाना एकच ठेवला, तर त्यात कुणाचं नाव भरलं जाईल हे साताऱ्या-सांगलीत सातबारा वाचलेल्या कुणालाही विचारा. ‘कारागीर’ हा रकाना अनेकवचनी करायला एक ओळ कोड लागतो. वेणी घालणारीला स्वतंत्र रकाना द्यायला अजून एक.