मुंज्या: पडद्यावरचा आणि मानवतचा

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (2024) हा हिंदी चित्रपट आमच्या मुलांनी डोक्यावर घेतला. भुताच्या गोष्टीत रमावे असेच ते वय. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु कथेच्या मुळाशी एका किशोराचा जादूटोणा आहे. हवी ती मुलगी मिळावी म्हणून तो सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, आणि चित्रपट तेवढ्यावरून झपाट्याने विनोदाकडे वळतो.

परभणी जिल्ह्यात हे नाव इतक्या सहज घेता येत नाही. मानवत येथे 1972 ते 1974 या काळात स्त्रियांच्या व कोवळ्या मुलींच्या हत्या झाल्या. गुप्तधनासाठी पिंपळावरच्या मुंज्याला ते बळी दिले, असा आरोप होता. त्यावरील आशिष बेंडे यांची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिकाही 2024 मधलीच. ती तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर बेतलेली असल्याने कॅमेरा त्यांच्याच मागे फिरतो. काळ चोख उभा राहतो. मृत मुली मात्र बहुतांशी पुरावा म्हणूनच उरतात, कुणाच्या लेकी होत नाहीत. आम्हांस हे उणे मोठे वाटते. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद 2117) जादूटोण्याचा निषेध करताना त्यामागच्या, दुसऱ्यावर सत्ता मिळवण्याच्या हव्यासाकडे बोट दाखवतो. ती सत्ता कुणावर कोसळली, हे या किशोर प्रेक्षकांना दिसायला हवे होते. मारल्या गेलेल्यांतील काही मुली त्यांच्याहूनही लहान होत्या.