‘रक्षण’ आणि ‘वारण’ : स्रेब्रेनित्साविषयक ठरावांच्या भाषेची चिकित्सा

आंतरराष्ट्रीय ठरावांची भाषा हा विधिज्ञांचा प्रांत आहे, असे समजून भाषाभ्यासक सामान्यतः तिच्यापासून दूर राहतात. ही समजूत योग्य नव्हे. कोणताही ठराव कायदा होण्यापूर्वी वाक्य असतो. आणि कोणी, कोणासाठी, कोणापासून, काय करावयाचे हे जर त्या वाक्याने सांगितले नाही, तर ती उणीव पुढे कोणताही भाष्यकार भरून काढू शकत नाही. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा या गावासंबंधीचे 1993 सालचे दस्तऐवज या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. ‘सुरक्षित’ म्हणून घोषित झालेल्या या क्षेत्रात जुलै 1995 मध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे मारले गेले. शस्त्रे काढून घेणे आणि निःशस्त्रांचे रक्षण करणे ही दोन कार्ये तेथे एकाच वेळी हाती घेण्यात आली होती. त्यांपैकी पहिल्याची भाषा पूर्ण होती, दुसऱ्याची अपुरी होती. प्रस्तुत विवेचनाचा रोख या विषमतेवर आहे.

प्रथम शस्त्रबंदीचा ठराव पाहावा. सुरक्षा समितीच्या 25 सप्टेंबर 1991 च्या ठराव क्रमांक 713 ने युगोस्लाव्हियाला होणाऱ्या सर्व शस्त्रपुरवठ्यावर बंदी घातली. ‘युगोस्लाव्हिया’ या नावाने त्या दिवशी एका राज्याचा निर्देश होत होता. मे 1992 मध्ये बोस्निया-हर्झेगोव्हिना संयुक्त राष्ट्रसंघाचा स्वतंत्र सभासद झाला, तरी बंदी त्यालाही लागूच राहिली. नावाचा निर्दिष्ट पदार्थ भंगला. वाक्य मात्र जसेच्या तसे चालू राहिले. वरकरणी सर्वांना समान असलेल्या या बंदीचा परिणाम समान झाला नाही. जुन्या युगोस्लाव्ह सैन्याचा मोठा शस्त्रसाठा बोस्नियन सर्बांच्या हाती आला होता. सारायेव्हो येथील सरकारजवळ असा साठा नव्हता. जे आहे ते तसेच राहावे, एवढाच पुरवठाबंदीचा व्याकरणिक अर्थ होता. आणि जे होते तेच मुळात विषम होते.

मार्च 1993 मध्ये वेढलेल्या, निर्वासितांनी भरलेल्या स्रेब्रेनित्सात संयुक्त राष्ट्रसंघाच्या दलाचे सेनापती फिलिप मोरियाँ यांनी जमावापुढे आश्वासन दिले, की लोक आता राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखाली आहेत. ‘संरक्षण’ हा शब्द तेथे मुखाने उच्चारला गेला. 16 एप्रिल 1993 च्या ठराव क्रमांक 819 मध्ये मात्र तो या रूपाने आला नाही. स्रेब्रेनित्सा व त्याचा परिसर सर्व पक्षांनी सशस्त्र हल्ल्यापासून मुक्त असे सुरक्षित क्षेत्र मानावे, अशी मागणी त्या ठरावाने केली. 6 मे रोजी ठराव 824 ने सारायेव्हो, तुझ्ला, झेपा, गोराझ्दे आणि बिहाच यांनाही हीच संज्ञा दिली.

‘सुरक्षित’ हे विशेषण मराठी वाचकाला फसविणारे आहे. ‘रक्ष्’ धातूचे ते कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित होय. म्हणजे जे कोणीतरी चांगल्या प्रकारे राखले आहे ते सुरक्षित. या रूपाच्या पोटात राखणारा गृहीत असतो. इंग्रजीतील मूळ शब्द तसा नाही. तो केवळ धोक्याचा अभाव सांगतो, धोका कोणी दूर केला हे सांगत नाही. 1949 च्या चौथ्या जिनीव्हा करारात रुग्णालय-क्षेत्रे, सुरक्षा-क्षेत्रे आणि तटस्थ क्षेत्रे यांची तरतूद आहे व ती उभय पक्षांच्या संमतीवर आधारलेली आहे. ठरावातील संज्ञा त्या कराराच्या परिभाषेतून घेतली गेली नाही. त्यामुळे तिच्या मागे व्याख्या नव्हती. होती ती केवळ अपेक्षा. मराठी अनुवाद मूळ शब्दाहून अधिक आश्वासन देतो आणि म्हणूनच मूळ शब्दात काय नव्हते हे आपल्या ध्यानी आणून देतो.

याच सुमारास, एप्रिल 1993 मध्ये, सर्ब सेनापती म्लादिच आणि बोस्नियन सेनापती हालिलोव्हिच यांच्यात स्रेब्रेनित्साच्या निःशस्त्रीकरणाचा करार झाला. त्याची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. काय द्यावयाचे? शस्त्रे, दारूगोळा, सुरुंग, स्फोटके. कोणाला? राष्ट्रसंघाच्या दलाला. केव्हापर्यंत? तुकडी पोहोचल्यापासून 72 तासांत. कर्ता, कर्म, संप्रदान आणि काल ही सर्व येथे आपापल्या जागी आहेत. अशा वाक्याचे पालन झाले की नाही हे मोजता येते.

याच्या शेजारी 4 जून 1993 चा ठराव क्रमांक 836 ठेवावा. सुरक्षित क्षेत्रांवरील हल्ल्यांना पायबंद घालणे, युद्धविरामावर देखरेख करणे, बोस्निया सरकारच्या तुकड्यांखेरीज इतर सैन्ये मागे घेण्यास चालना देणे आणि काही मोक्याच्या जागा ताब्यात ठेवणे, ही कामे त्याने राष्ट्रसंघाच्या दलावर सोपविली. ‘रक्षण करणे’ हे क्रियापद त्या कामांत नाही. ही अनवधानाने झालेली चूक नव्हती, हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनी 1999 मध्ये सादर केलेल्या स्रेब्रेनित्साविषयक अहवालावरूनच स्पष्ट होते.

या दोन क्रियापदांमधील अंतर भारतीय व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही. अपादान-कारकाचा विचार करताना पाणिनीने त्राणार्थक धातू आणि वारणार्थक धातू यांची सोय वेगवेगळ्या सूत्रांनी केली आहे. ‘राखणदार चोरापासून धन्याला राखतो’ या वाक्यात ज्याचे रक्षण व्हावयाचे तो धनी कर्म आहे आणि भयाचे कारण अपादान आहे. ‘राखणदार पिकापासून गुरे वारतो’ या वाक्यात कर्माच्या जागी गुरे आली. जे वाचवावयाचे ते पीक अपादानात गेले. दोन्ही वाक्यांत राखण चालू आहे, पण क्रियेचे लक्ष्य निराळे आहे. पहिल्यात धनी वाचला नाही तर क्रिया फसली. दुसऱ्यात गुरांना हाकारा घातला, की निदान काही एक क्रिया घडली असे म्हणता येते.

ठराव 836 ने दुसरी रचना स्वीकारली आणि तीही संक्षिप्त करून. पूर्ण वाक्य ‘आक्रमकांना हल्ल्यापासून परावृत्त करावे’ असे झाले असते. ठरावात आक्रमकही नाही. ‘हल्ले’ हेच कर्म. हे हल्ले कोणावर? क्षेत्रांवर. अशा रीतीने मारणारा व मरणारा हे दोघेही कामाच्या वाक्यातून बाहेर पडले आणि उरली ती एक घटना व एक भूभाग. बळाच्या वापराची परवानगी देणाऱ्या पुढील परिच्छेदात ‘स्वसंरक्षणार्थ वर्तत असता’ हा क्रियाविशेषणात्मक पदबंध आहे. यातील ‘स्व’ म्हणजे सैन्यदल, की त्याच्या भरवशावर असलेली वस्तीही? व्याकरणाच्या दृष्टीने ‘स्व’ कर्त्याकडेच जातो. ‘रक्षण’ हा धातू या भागात बळवापरासंबंधी जेथे प्रकट होतो, तेथे तो रक्षकाच्या स्वतःच्या वाट्याला येतो.

या विवेचनावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. माणसे क्रियापदांनी मरत नाहीत. ती बंदुकांनी आणि बंदुका चालविण्याच्या आज्ञांनी मरतात. ‘रक्षण’ हा शब्द घातला असता तरी पुरेसे सैन्य नसल्यावर काय झाले असते? आक्षेपात तथ्य आहे, आणि हत्येची जबाबदारी हत्या करणाऱ्यांची आहे याविषयी दुमत नाही. परंतु शब्द आणि सैन्यसंख्या या येथे स्वतंत्र गोष्टी नव्हत्या. ठरावानंतर सरचिटणीसांनी कळविले, की बळाच्या जोरावर पायबंद घालावयाचा तर सुमारे 34,000 सैनिक अधिक लागतील; अन्यथा सुमारे 7,600 सैनिकांचा हलका पर्यायही आहे. 18 जून 1993 च्या ठराव 844 ने दुसरा पर्याय मान्य केला. ‘रक्षण’ या शब्दाशी 7,600 ही संख्या उघडपणे विसंगत दिसली असती. ‘पायबंद’ या शब्दाशी ती जुळवून घेता आली. ठराव 836 च्या मतदानात पाकिस्तान आणि व्हेनेझुएला तटस्थ राहिले, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

निःशस्त्रीकरणाचे वाक्य पूर्ण असूनही ते पूर्णपणे पाळले गेले नाही, हेही सांगणे न्याय्य होय. स्रेब्रेनित्सातील सैनिकांनी काही शस्त्रे जवळ ठेवली होती आणि वेढ्याबाहेर छापेही घातले; वेढा घालणाऱ्यांनीही आपली अवजड शस्त्रे हटविली नाहीत. शिवाय ठराव 836 ने सरकारी तुकड्यांना माघारीतून वगळले होते, तर करार त्यांच्याकडून शस्त्रे मागत होता. हे दोन दस्तऐवज एकमेकांशी बोलत नव्हते. तथापि एक भेद शिल्लक राहतोच : शस्त्र न देणाऱ्याने करार मोडला असे म्हणता आले, रक्षण न करणाऱ्याने ठरावातील कोणते वाक्य मोडले, हे मात्र दाखविता येईना.

11 जुलै 1995 रोजी स्रेब्रेनित्सा पडले. पोतोचारी येथे पुरुषांना स्त्रिया व मुले यांच्यापासून वेगळे काढण्यात आले. येथे मराठीतील दुसरी एक संज्ञा तपासावी लागते. ‘नागरिक’ हा आपला शब्द राज्याचा सभासद आणि सैन्याबाहेरचा माणूस हे दोन्ही अर्थ वाहतो. पहिल्या अर्थाने वेढ्यातील सैनिकही नागरिकच होता; दुसऱ्या अर्थाने तो नव्हता. जुन्या दफ्तरी भाषेतील ‘मुलकी’ हा शब्द लष्करीच्या विरुद्ध टोकाला उभा राहतो आणि येथे तोच अधिक नेमका आहे. 1977 च्या पहिल्या पूरक संहितेने मुलकी मनुष्याची व्याख्या नकारात्मक केली : जो सैन्यात नाही तो. पण तिने एक मौलिक नियमही जोडला : शंका असेल तेथे मनुष्य मुलकीच मानावा. पोतोचारी येथे हा नियम उलटा करण्यात आला. पुरुष असणे हीच शंका, आणि शंका हाच निर्णय. पुढे क्रस्तिच खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2001 मध्ये आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2007 मध्ये हे कृत्य वंशसंहार असल्याचा निर्णय दिला. हाती पडलेल्या सैनिकाचीही हत्या करता येत नाही, हे तर निराळेच.

ऑक्टोबर 1999 मध्ये सिएरा लिओनविषयक ठराव 1270 ने मुलकी लोकांना संरक्षण देण्याचा अधिकार शांतिसेनेला स्पष्ट शब्दांत दिला. कर्माच्या जागी माणसे परत आली, ही सुधारणा लहान नव्हे. मात्र ‘कुवतीनुसार’, ‘तैनातीच्या प्रदेशात’ आणि ‘तेथील सरकारची जबाबदारी ध्यानी घेऊन’ अशा मर्यादाही सोबत आल्या. मर्यादा घालणे प्रामाणिकपणाचे असू शकते; राखणदाराने आपली काठी केवढी आहे हे आधी सांगितलेले बरे. दोष मर्यादेत नसून ती ‘सुरक्षित’सारख्या भरघोस विशेषणाखाली झाकण्यात आहे.

शस्त्रनियंत्रणाच्या कोणत्याही योजनेची चिकित्सा करताना म्हणून दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत : शस्त्र काढून घेणारे आणि त्या बदल्यात रक्षण देणारे. पहिल्यात कर्ता, कर्म व मुदत असून दुसऱ्यात केवळ विशेषण असेल, तर तो सौदा सम नव्हे. ज्याच्या हातातील शस्त्र 72 तासांत मागितले जाते, त्याला त्याच भाषेत, तितक्याच नेमकेपणाने, आता राखणदार कोण हे कळण्याचा अधिकार आहे.